मालातले पाणी किती, आणि ते कोणत्या वजनावर?

ओला माल सुकवून विकणारा, सुका माल विकत घेणारा आणि दुसऱ्याचा माल मजुरीने सुकवून देणारा, या तिघांचाही नफा-तोटा शेवटी एका आकड्यावर ठरतो. तो आकडा म्हणजे मालातील ओलावा. कोणी त्याला 'मॉइश्चर' म्हणतो, कोणी 'ओल' म्हणतो. सोयाबीनच्या आडतीवर तर सरळ 'हवा किती' असेच विचारतात. नाव काहीही असो, हा आकडा टक्क्यांत सांगितला जातो आणि घोळ तिथेच सुरू होतो. कारण टक्के म्हटले की पहिला प्रश्न यायला हवा: टक्के कशाचे? ओल्या मालाच्या वजनाचे, की त्यातील सुक्या भागाच्या वजनाचे? हा प्रश्न न विचारता झालेल्या सौद्यात एका बाजूचे नुकसान ठरलेलेच असते, आणि बहुधा ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आम्ही हा हिशेब या लेखात शक्य तितका सोपा करून मांडणार आहोत. त्यासाठी शाळेतल्या त्रैराशिकापलीकडे काही लागत नाही.

प्रथम दोन पद्धती समजून घेऊ. समजा आपल्याजवळ १०० ग्रॅम ओला माल आहे. तो भट्टीत पूर्ण सुकवल्यावर ८० ग्रॅम भरला, म्हणजे त्यात २० ग्रॅम पाणी होते. आता २० ला १०० ने भागले तर ओलावा २० टक्के येतो. ही झाली ओल्या वजनावरची मोजणी. पण त्याच २० ग्रॅम पाण्याला ८० ने, म्हणजे सुक्या वजनाने भागले तर ओलावा २५ टक्के येतो. ही सुक्या वजनावरची मोजणी. माल तोच, पाणी तेच, आकडे मात्र दोन. आणि दोन्ही बरोबर.

धान्य, मिरची, बेदाणा, मसाले, सुकी मासळी या मालांत ओल्या वजनावरची पद्धत चालते. सूत, लोकर, ताग आणि इमारती लाकूड यांत सुक्या वजनावरची चालते. सुताच्या धंद्यात तिलाच 'रिगेन' म्हणतात. म्हणून एखादा लाकूडवाला ओल्या फळीचा ओलावा १२० टक्के सांगू लागला तर त्याला हसू नये. १०० किलो सुक्या लाकडात १२० किलो पाणी असू शकते आणि ताज्या तोडलेल्या हलक्या लाकडात ते असतेही. ओल्या वजनावर मोजले तर मात्र आकडा कधीच १०० पर्यंत पोहोचणार नाही.

एका पद्धतीतून दुसरीत जायचे असेल तर ओल्या वजनावरचा आकडा १०० मधून वजा करावा, उरलेल्याने त्याच आकड्याला भागावे व १०० ने गुणावे. २० चे २५ होतात, ५० चे १०० होतात, ७५ चे ३०० होतात. उलट जायचे असेल तर सुक्या वजनावरच्या आकड्याला, त्यात १०० मिळवून आलेल्या बेरजेने भागावे व १०० ने गुणावे. ८.५ चे ७.८३ होतात. हा ८.५ चा आकडा आम्ही मुद्दाम घेतला आहे, कारण आपल्यातील कितीतरी बांधवांच्या रोजच्या व्यवहाराशी त्याचा संबंध आहे.

सुताचे गठ्ठे आणि साडेआठ टक्के

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे सूत किलोवर विकत घेतले जाते. कापूस हवेतले पाणी ओढतो, म्हणून सुताचे वजन कोरड्या दिवसात कमी आणि पावसाळ्यात जास्त भरते. हा झगडा मिटवण्यासाठी व्यापारात एक ठराविक ओलावा मान्य केलेला आहे. सुती मालाला तो ८.५ टक्के, रेशमाला ११ टक्के, तागाला १३.७५ टक्के. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ घेतच नाही, त्याला फक्त ०.४ टक्के. हे सगळे आकडे सुक्या वजनावरचे आहेत. येथेच घोटाळा होतो.

समजा १००० किलो सूत आले. त्यातील १०० ग्रॅमचा नमुना सुकवून पाहिला तर ९० ग्रॅम उरला. पुष्कळ जण असा हिशेब करतात: ओलावा १० टक्के निघाला, मान्य ८.५, म्हणजे दीड टक्का जास्त, म्हणून १५ किलोचे पैसे कापा. हा हिशेब चुकीचा आहे. नमुन्यातील १० टक्के हे ओल्या वजनावरचे आहेत आणि ८.५ हे सुक्या वजनावरचे. गज आणि मीटर एकमेकांतून वजा करावेत, तसे हे झाले.

खरा हिशेब असा. १००० किलोत सुके सूत ९०० किलो. त्यावर मान्य ८.५ टक्के पाणी चढवले, म्हणजे ९०० गुणिले १.०८५, तर ९७६.५ किलो होतात. पैसे इतक्याच वजनाचे द्यायचे. जादा वजन १५ किलो नसून साडेतेवीस किलो आहे. किलोला २५० रुपये भाव धरला तर दोन हिशेबांतला फरक एका टनामागे २,१२५ रुपये येतो. महिन्याला दहा टन सूत लागणाऱ्या कारखानदाराने वर्षाचा आकडा स्वतः मांडून पाहावा. माल विकणारा मुद्दाम फसवतो असे नव्हे; बहुतेक वेळा दोघेही एकाच चुकीच्या हिशेबावर राजी झालेले असतात.

सुके वजन धरून ठेवा

सुकवण्याच्या कोणत्याही हिशेबात एकच गोष्ट पक्की धरायची: पाणी जाते, सुका भाग जात नाही. भट्टीत घालताना जितका सुका भाग होता, तितकाच बाहेर काढताना असतो. म्हणून आधी तो काढावा आणि त्यावरून बाकी सगळे.

बेदाण्याचे उदाहरण घेऊ. तासगाव-सांगलीकडे द्राक्षे शेडमधल्या जाळ्यांवर पसरून बेदाणा करतात. द्राक्षात ८० टक्के पाणी धरले आणि बेदाण्यात १५ टक्के ठेवायचे असेल, तर १०० किलो द्राक्षांतून किती पाणी काढावे लागेल? ८० उणे १५ म्हणजे ६५ किलो, हे उत्तर झटकन तोंडी येते आणि ते चूक आहे. १०० किलो द्राक्षांत सुका भाग २० किलो. बेदाण्यात १५ टक्के पाणी, म्हणजे ८५ टक्के सुका भाग. २० किलो हे ज्याचे ८५ टक्के आहेत ते वजन, म्हणजे २० भागिले ०.८५, येते २३.५ किलो. म्हणजे पाणी गेले साडेशहात्तर किलो, ६५ नव्हे. चार किलो द्राक्षांना एक किलो बेदाणा हा जो शेतकऱ्यांचा तोंडी हिशेब आहे, तो यातूनच येतो.

थोडक्यात सूत्र असे: सुरुवातीचे वजन गुणिले (१०० उणे सुरुवातीचा ओलावा), भागिले (१०० उणे शेवटचा ओलावा). जे येईल ते सुकल्यावरचे वजन. दोन्ही ओलावे ओल्या वजनावरचे असले पाहिजेत.

याच सूत्रातून एक अशी गोष्ट निघते की जिच्याकडे खरेदीदारांचे लक्ष फारसे नसते. द्राक्षांत ८० ऐवजी ७६ टक्के पाणी असेल, म्हणजे माल जास्त गोड आणि भरलेला असेल, तर सुका भाग २० वरून २४ किलो होतो आणि बेदाणा २३.५ वरून २८.२ किलोवर जातो. ओल्या टोकाला चार टक्क्यांचा फरक, आणि उतारा मात्र वीस टक्क्यांनी वाढला! उलट सुक्या टोकाला १५ ऐवजी १६ टक्के पाणी राहिले तर १०० किलो द्राक्षांमागे वजनात जेमतेम पाव किलोचा फरक पडतो. आपली माणसे या पाव किलोवरून वाद घालतात आणि द्राक्षे घेताना गोडी न मोजताच भाव ठरवतात. कांदा, टोमॅटो, मिरची, ज्याच्यात पाणी फार असा कोणताही माल सुकवायला घेताना हे ध्यानात ठेवावे. सुक्या टोकाचा एक टक्का महत्त्वाचा नाही असे आम्ही म्हणत नाही. पण त्याचे महत्त्व वजनापेक्षा टिकाऊपणात आहे. जादा ओल राहिलेल्या मालाला बुरशी लागते आणि मग सगळा ढीगच जातो.

सोयाबीनचे उदाहरण ताजे आहे. आधारभूत भावाने होणाऱ्या सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात पावसामुळे माल ओला निघाला, तेव्हा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती ती १५ टक्के केली. आता १५ टक्क्यांचा एक क्विंटल माल १२ टक्क्यांवर आणला तर किती भरेल? ८५ भागिले ०.८८, म्हणजे ९६.६ किलो. घट ३.४ किलो, ३ किलो नव्हे. आडतदार टक्क्याला किलो कापतो तेव्हा तो थोडा आपल्याच खिशातून देत असतो. १५ वरून १२ मध्ये हा फरक लहान आहे, पण २५ टक्क्यांचा माल आला तर घट १३ ऐवजी पावणेपंधरा किलो होते.

नमुना आणि तराजू

हे सगळे हिशेब नमुन्यावर उभे आहेत, आणि नमुना चुकला तर पुढचे गणित कितीही बरोबर असून उपयोग नाही. ढिगाचा वरचा थर वाऱ्याने सुकलेला असतो, तळाशी ओल साठते. म्हणून वरून, मधून, तळातून, कडेने असा पाच-सहा ठिकाणचा माल घेऊन एकत्र करावा आणि लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावा. उघड्या कागदाच्या पुडीत प्रयोगशाळेपर्यंत नेलेला नमुना वाटेतच बदलतो.

भट्टी १०५ अंशावर ठेवून नमुना वजन स्थिर होईपर्यंत सुकवतात. म्हणजे एकदा काढून तोलला, पुन्हा तासभर ठेवून तोलला, दोन्ही वजने सारखी आली की झाले. उन्हात सुकवलेला नमुना चालत नाही. उन्हात माल कधीच पूर्ण सुकत नाही, हवेतल्या ओलाव्याइतके पाणी त्यात राहतेच. भट्टीतून काढलेला नमुना गरम असताना तोलू नये आणि उघड्यावर थंडही करू नये, कारण थंड होताना तो हवेतले पाणी परत घेतो. सिलिका जेलचे दाणे घातलेल्या बंद बरणीत तो निववावा.

तराजू सोनाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यासारखा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा असावा. किराणा दुकानातला काटा येथे कामाचा नाही. एक उदाहरण देतो. रिकामी ताटली ४२ ग्रॅम, ओल्या मालासह ६२, सुकल्यावर ५७.५. माल २० ग्रॅम, गेलेले पाणी ४.५ ग्रॅम, ओलावा साडेबावीस टक्के. सुक्या वजनावर काढायचा तर ४.५ भागिले १५.५, म्हणजे २९ टक्के. ताटलीचे वजन वजा करायला विसरले तर ४.५ भागिले ६२ असे होऊन ओलावा सव्वासात टक्केच दिसतो. ही चूक हास्यास्पद वाटेल, पण घाईत होते.

१०५ अंश सगळ्या मालाला चालत नाहीत. बेदाणा, खजूर, अंजीर यांतील साखर इतक्या उष्णतेत करपू लागते आणि वजन उगाच घटते. त्यांना सुमारे ७० अंशावर हवा काढून घेतलेली, म्हणजे व्हॅक्यूमची भट्टी लागते. लवंग, वेलची, मिरी, हळद यांत सुगंधी तेल असते. लवंगेत तर ते १५ टक्क्यांच्या वर असू शकते. भट्टीत पाण्याबरोबर तेलही उडते आणि ते सगळे ओलावा म्हणून मोजले जाते. म्हणून मसाल्यांसाठी टोल्युइनबरोबर उकळून पाणी वेगळे गोळा करण्याची पद्धत आहे. त्यात पाणी नळीत डोळ्यांनी दिसते आणि थेट मोजता येते. मसाल्याचा व्यापारी भट्टीतल्या आकड्यावर माल परत करत असेल तर त्याला ही गोष्ट शांतपणे समजावून सांगावी.

हातातले मीटर सोयीचे आहेत, पण ते पाणी मोजत नाहीत. ते विजेचा गुण मोजतात आणि त्यावरून अंदाज सांगतात. सोयाबीनसाठी लावलेल्या मीटरमध्ये तूर टाकली तर आकडा चुकणार. लाकडाचे खिळ्यांचे मीटर जातीप्रमाणे बदलावे लागते आणि ते सुक्या वजनावरचा आकडा दाखवते. सुतारकाम करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आल्यावरच लाकूड आक्रसू लागते. तोवर नुसते वजन उतरते, माप तेच राहते. वजन बरेच उतरले म्हणून फळी मुरली असे समजून दरवाजा केला, तर पहिल्याच उन्हाळ्यात सांधे उघडतात.

जळणाचा हिशेब

किती पाणी काढायचे हे कळले की जळण किती लागेल हेही कळते. १ किलो पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला ७० किलोकॅलरी लागतात आणि उकळीच्या पाण्याची वाफ करायला ५४०. बेरीज ६१०. माल ६० अंशावर हळूहळू सुकवला तरी हा आकडा फारसा उतरत नाही, कारण खरा खर्च वाफ करण्याचा असतो. त्यातही भट्टीची बरीच उष्णता धुराड्यातून आणि भिंतींतून जाते. साध्या ड्रायरमध्ये ४० टक्के कामी आली तरी बरे म्हणावे.

एक क्विंटल लाल मिरची ७५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायची आहे. सुका भाग २५ किलो, शेवटचे वजन २७.८, पाणी ७२.२ किलो. त्याला ४४ हजार किलोकॅलरी, आणि ४० टक्क्यांच्या हिशेबाने प्रत्यक्षात १ लाख १० हजार. हवेत सुकलेल्या लाकडाच्या किलोमागे साडेतीन हजार किलोकॅलरी धरल्या तर ३१ ते ३२ किलो सरपण. मजुरीचा दर ठरवणाऱ्याने हा आकडा आधी काढावा, मग तोंड उघडावे. दर सुक्या मालावर ठरवण्यापेक्षा काढलेल्या पाण्यावर ठरवणे आम्हाला जास्त रास्त वाटते.

सरपण घेतानाही हेच गणित लागते. ४० टक्के ओले लाकूड साडेसहा रुपये किलो आणि २० टक्क्यांचे आठ रुपये किलो असेल, तर स्वस्त कोणते? पहिल्यात किलोमागे सुके लाकूड ६०० ग्रॅम, म्हणजे सुक्या किलोला १० रुपये ८३ पैसे. दुसऱ्यात ८०० ग्रॅम, म्हणजे १० रुपये. शिवाय ओल्या लाकडातले पाणी उडवायला त्याच लाकडाची उष्णता खर्च होते ते वेगळेच.

रंगाऱ्यांसाठी एक गोष्ट. हाताने पिळलेल्या सुताच्या लडीत १०० किलो सुक्या सुतामागे १०० किलो पाणी आहे असे धरा. हायड्रो मशीनमध्ये फिरवल्यावर ते ५५ किलो राहिले. ओल्या वजनावर बघितले तर ओलावा ५० वरून साडेपस्तीसवर आला, म्हणजे फार काही झाले नाही असे वाटते. प्रत्यक्षात ४५ किलो पाणी, जवळजवळ निम्मे, आग न लावता गेले. वरच्याच हिशेबाने २० किलो सरपण वाचले. म्हणून सुकवणीच्या खोलीत आकडा नेहमी सुक्या वजनावर धरावा. तेथे वजाबाकी सरळ चालते. १०० उणे ५५ बरोबर ४५, आणि ते ४५ किलोच असतात.

शेवटी कोकणातल्या सुक्या मासळीबद्दल, कारण तेथे हा सरळ नियमच मोडतो. बोंबील बिनमिठाचे सुकवतात. त्यात ८८ टक्के पाणी धरले तर १०० किलोंचे १६ टक्क्यांवर १४.३ किलो होतात. नेहमीचे सूत्र बरोबर चालते. पण खारवलेल्या मासळीत सुका भाग वाढतो, कारण मीठ आत शिरते. १०० किलो मासळीत सुका भाग २२ किलो, वर १० किलो मीठ शोषले गेले, तर सुका भाग ३२ झाला. ४० टक्के ओलाव्यावर ती ५३.३ किलो भरेल, मीठ विसरून हिशेब केला तर ३६.७ येईल. घेणाऱ्यानेही पाहावे की या ५३.३ किलोत मासळीचा सुका भाग २२ किलोच आहे; बाकी मीठ आणि पाणी. खारवलेल्या मालाच्या सौद्यात म्हणून ओलाव्याबरोबर मिठाचे प्रमाणही विचारावे. आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढू लागते. कोकणच्या पावसाळ्यात ती दिवसेंदिवस त्याच्या वर असते, तेव्हा जूनपूर्वी तोललेला खारा माल ऑगस्टमध्ये जास्त भरला तर तो नफा समजू नये. पोती बदलून, आत प्लॅस्टिकचे अस्तर घालून, जमिनीपासून वर फळ्यांवर रचावीत.